सुट्टीचा जंतू

बँकेच्या सुट्ट्यांवर लोक जळतात. पण एका सुट्टीला नोबेल मिळालंय! दुर्बिणीने काढलेले जठराचे तुकडे पर्थच्या प्रयोगशाळेत बशीत वाढवत; दोन दिवसांत काही न उगवल्यास फेकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच दिवस राहिल्या, आणि अल्सरचा जंतू उगवला. वॉरन-मार्शल यांना २००५ साली नोबेल!

माझाही तुकडा नांदेडला युरियाच्या पिवळ्या जेलीत पडला. जंतू असता तर ती गुलाबी झाली असती, झाली नाही. मी खुशीत माहूरला रेणुकामातेच्या तांबुलासाठी निघणार, तोच डॉक्टरांनी विचारलं, “ॲसिडच्या गोळ्या चालू होत्या? मग हा ‘नाही’ कच्चा. दोन आठवडे बंद ठेवून या.”

पुढच्या खेपेला जेली गुलाबी! ताळेबंद जुळला म्हणजे नोंदी बरोबर असतातच असं नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं काय?