युरोपियन नागरिक उपक्रमातील वैयक्तिक माहिती व स्वाक्षऱ्यांची पडताळणी

युरोपियन नागरिक उपक्रम ही युरोपियन संघातील नागरिकांना एकत्रितपणे युरोपियन आयोगाकडे नव्या कायद्याची मागणी करण्याचा अधिकार देणारी व्यवस्था आहे. मागणी विचारात घेतली जाण्यासाठी किमान १० लाख नागरिकांचे समर्थन आवश्यक असते. स्वाक्षरी करणाऱ्याने कोणती वैयक्तिक माहिती द्यावी, ती कोणी तपासावी आणि किती काळ जतन करावी, हे सध्या विनियम २०१९/७८८ नुसार ठरते. माहिती अपुरी असल्यास बनावट स्वाक्षऱ्या ओळखता येत नाहीत. ती अधिक मागितल्यास नागरिक स्वाक्षरी करण्यास कचरतात आणि तिच्या गैरवापराचा धोका वाढतो. या दोन बाजूंचा मेळ घालणे हा या व्यवस्थेतील मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

१ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन तहाने हा अधिकार निर्माण केला. त्याची अंमलबजावणी विनियम २११/२०११ द्वारे १ एप्रिल २०१२ पासून सुरू झाली. पुढे त्याची जागा विनियम २०१९/७८८ ने घेतली व तो १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

उपक्रमासाठी किमान सात सदस्य देशांत राहणाऱ्या किमान सात नागरिकांचा आयोजक गट आवश्यक असतो. स्वाक्षऱ्या १२ महिन्यांत गोळा कराव्या लागतात. एकूण १० लाख समर्थकांखेरीज किमान सात सदस्य देशांत, त्या त्या देशासाठी ठरवलेली न्यूनतम संख्याही गाठावी लागते. ही संख्या म्हणजे त्या देशातून निवडून येणाऱ्या युरोपियन संसद सदस्यांची संख्या गुणिले संसदेची एकूण सदस्यसंख्या होय. ७२० सदस्यांच्या संसदेनुसार जर्मनीसाठी ती ६९,१२० आणि माल्टासाठी ४,३२० येते. संख्या पूर्ण झाली तरी कायद्याचा प्रस्ताव मांडणे आयोगावर बंधनकारक नसते. मात्र आपला निर्णय कारणांसह जाहीर करावा लागतो.

आवश्यक माहिती

समर्थकाने भरावयाच्या नमुन्यास समर्थनपत्र म्हणतात. समर्थकाचे राष्ट्रीयत्व ज्या देशाचे असेल, त्या देशाचे नियम त्याला लागू होतात. या बाबतीत सदस्य देशांचे दोन गट आहेत.

पहिल्या गटातील देश ओळख क्रमांक मागत नाहीत. तेथे पूर्ण नाव, आडनाव, राहण्याचा पत्ता आणि जन्मतारीख पुरेशी असते. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड, डेन्मार्क व फिनलंड या गटात येतात. दुसऱ्या गटातील देशांत नावासोबत वैयक्तिक ओळख क्रमांक किंवा ओळखपत्राचा क्रमांक व त्याचा प्रकार नोंदवावा लागतो. इटली, स्पेन, पोलंड, पोर्तुगाल व स्वीडन ही त्याची उदाहरणे होत. इटलीच्या नागरिकास पारपत्राचा वा ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, तर पोलंडमध्ये 'पेसेल' हा नागरिक क्रमांक वापरला जातो.

या फरकाचे मूळ प्रशासकीय परंपरांत आहे. जेथे रहिवाशांच्या किंवा मतदारांच्या नोंदवहीत नाव, पत्ता व जन्मतारखेवरून व्यक्ती शोधता येते, तेथे क्रमांकाची गरज भासत नाही. जेथे शासकीय नोंदी क्रमांकाच्या आधारे ठेवल्या जातात, तेथे समान नावाच्या व्यक्तींमध्ये भेद करण्यास क्रमांक हेच सोयीचे साधन ठरते.

स्वाक्षरीसाठी किमान वय त्या देशातील युरोपियन निवडणुकीच्या मतदानवयाइतके असते; मात्र सदस्य देश ते १६ वर्षे ठरवू शकतात.

पडताळणी

स्वाक्षऱ्या कागदावर किंवा आयोगाच्या केंद्रीय संकेतप्रणालीवर गोळा करता येतात. केंद्रीय प्रणालीत इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राचाही वापर करता येतो. सुरुवातीला आयोजकांना स्वतःची ऑनलाइन प्रणाली उभारून प्रमाणित करून घ्यावी लागे. २०१२ मध्ये अनेक आयोजकांना हे वेळेत जमले नाही. तेव्हा आयोगाने लक्झेंबर्ग येथील आपले सर्व्हर उपलब्ध करून दिले. २०२२ नंतर नोंदवल्या गेलेल्या उपक्रमांना स्वतंत्र प्रणाली वापरता येत नाही.

संकलन संपल्यावर समर्थनपत्रे राष्ट्रीयत्वानुसार विभागून त्या त्या देशाच्या सक्षम प्राधिकरणाकडे पाठवली जातात. प्राधिकरणाने तीन महिन्यांत ती तपासून ग्राह्य समर्थनपत्रांच्या संख्येचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यावयाचे असते. प्रत्येक समर्थनपत्र तपासणे बंधनकारक नाही. यादृच्छिक नमुना निवडूनही पडताळणी करता येते. समजा, जर्मनीतून ७५,००० समर्थनपत्रे आली आणि नमुन्यातील १० टक्के अग्राह्य ठरली, तर ग्राह्य संख्या अंदाजे ६७,५०० धरली जाईल व उपक्रम त्या देशाच्या न्यूनतम संख्येखाली जाईल. यामुळे आयोजक सहसा आवश्यकतेपेक्षा अधिक स्वाक्षऱ्या मिळवण्याचा प्रयत्न करतात. पिण्याच्या पाण्याच्या हक्कासाठीचा 'राइट टू वॉटर' हा सर्व अटी पूर्ण करणारा पहिला उपक्रम होता. त्याची १६ लाखांहून अधिक समर्थनपत्रे ग्राह्य ठरली.

माहितीचे संरक्षण व नाश

एखाद्या मागणीवरील स्वाक्षरीतून व्यक्तीचे राजकीय मत प्रकट होऊ शकते. 'जीडीपीआर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनियम २०१६/६७९ मध्ये राजकीय मतांविषयीची माहिती विशेष संरक्षणास पात्र मानली आहे. आयोजक गटाचा प्रतिनिधी आणि पडताळणी करणारे प्राधिकरण यांच्यावर या माहितीची कायदेशीर जबाबदारी असते. समर्थनपत्रांतील माहिती अन्य कारणासाठी वापरता येत नाही. पुढील घडामोडी कळवण्यासाठी ई-मेल पत्ता घ्यावयाचा असल्यास त्यासाठी वेगळी, स्पष्ट संमती लागते. ती न देताही स्वाक्षरी करता येते.

उपक्रम आयोगास सादर झाल्यापासून एक महिना किंवा संकलन सुरू झाल्यापासून २१ महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तोपर्यंत आयोजकांनी समर्थनपत्रे व त्यांच्या प्रती नष्ट करावयाच्या असतात. प्राधिकरणांना त्यासाठी प्रमाणपत्र दिल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे.

टीका व सुधारणा

मूळ विनियमाचा मसुदा २०१० मध्ये पुढे आला, तेव्हाच युरोपियन माहिती संरक्षण पर्यवेक्षकांनी ओळख क्रमांकाच्या आवश्यकतेविषयी शंका उपस्थित केली होती. तरीही अनेक सदस्य देशांनी ही अट कायम ठेवली. पहिल्या विनियमाखाली काही देशांत जन्मस्थानासारखा जादा तपशीलही मागितला जाई.

देशोदेशींच्या भिन्न अटींमुळे काही नागरिक स्वाक्षरीच्या हक्कापासून वंचित राहत. आयर्लंड व तत्कालीन सदस्य युनायटेड किंग्डम केवळ आपल्या हद्दीत राहणाऱ्यांची समर्थनपत्रे तपासत. त्यामुळे या देशांचे नागरिक स्वतःची ओळखपत्रे सक्तीची करणाऱ्या दुसऱ्या देशात राहत असल्यास त्यांची स्वाक्षरी कोठेच ग्राह्य ठरत नसे. २०१९ च्या विनियमाने राष्ट्रीयत्व हा एकच निकष ठरवून ही त्रुटी दूर केली आणि मागितली जाणारी माहितीही कमी केली. देशांचे दोन गट मात्र कायम राहिले.

अन्य देशांतील पद्धती

स्वित्झर्लंडमध्ये संघीय जनउपक्रमासाठी १८ महिन्यांत १,००,००० स्वाक्षऱ्या लागतात. स्वाक्षरीकर्ता स्वहस्ते नाव लिहून स्वाक्षरी करतो आणि त्याचा मताधिकार स्थानिक पालिका प्रमाणित करते. सादर झालेल्या याद्या कोणालाही पाहता येत नाहीत. अमेरिकेत याउलट भूमिका दिसते. 'डो विरुद्ध रीड' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, सार्वमताच्या मागणीवरील स्वाक्षरीकर्त्यांची नावे उघड करणे सर्वसाधारणपणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय दिला.

ब्रिटिश संसदेच्या याचिका संकेतस्थळावर नाव, ई-मेल पत्ता व पोस्टकोड एवढीच माहिती पुरते. २०१६ मध्ये दुसऱ्या सार्वमताची मागणी करणाऱ्या याचिकेवरून सुमारे ७७,००० संशयास्पद स्वाक्षऱ्या काढून टाकाव्या लागल्या होत्या.

भारतात लोकसभेच्या नियमांनुसार याचिकेवर प्रत्येक स्वाक्षरीकर्त्याचे पूर्ण नाव, पत्ता व स्वाक्षरी आणि निरक्षर असल्यास अंगठ्याचा ठसा आवश्यक असतो. स्वाक्षऱ्यांच्या किमान संख्येची अट नसल्यामुळे युरोपियन उपक्रमाप्रमाणे व्यापक मोजणी व पडताळणीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही.