विश्लेषण : ‘धरणफोड्या’ ठरलेला खेकडा एकदा गेला की परत का येत नाही?

पावसाळा लागला की शहाड, मोहने, टिटवाळा पट्ट्यातल्या बाजारात रानभाज्यांच्या शेजारी काळपट खेकडे दिसू लागतात. आपल्या फीडमध्ये हा प्राणी आला तो २०१९ मध्ये, आरोपी म्हणून. २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. तरी तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी धरण खेकड्यांमुळे फुटल्याचं सांगितलं आणि मीम्स सुरू झाले.

खेकडा खरंच पोखरतो का?

पोखरतो. भातशेती करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, बांधातली बिळं ते दरवर्षी बुजवतात. आपल्याकडच्या नेहमीच्या खेकड्याचं शास्त्रीय नाव ‘बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’. यातल्या दुसऱ्या शब्दाचं मूळ बिळासाठीच्या लॅटिन शब्दात आहे. दख्खनमधल्या या खेकड्याची नोंद १८३६ मध्ये कर्नल साइक्स आणि वेस्टवुड यांच्या लेखात झाली. म्हणजे सवय जुनीच आहे. पण मातीच्या धरणात बिळं शोधणं आणि बुजवणं हा देखभालीचाच भाग असतो. ती झाली नाही तर दोष खेकड्याचा कसा?

संशोधकांना काय सापडलं?

बरंच काही, आणि ते महाराष्ट्रातच. तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खेकड्यावर अनेक वर्षं काम केलं. १९७४ मध्ये ए. डी. दिवाण आणि नागभूषणम यांनी त्याच्या प्रजनन चक्रावर शोधनिबंध लिहिला. खेकड्याचे डोळे देठांवर असतात, हे आपण पाहिलेलं असतं. त्या देठांतल्या ग्रंथी कात टाकणं आणि अंडी पिकणं रोखून धरणारी संप्रेरकं सोडतात. कोळंबीच्या हॅचरीत मादीचा एक डोळा काढतात तो याच कारणासाठी. ब्रेक सुटतो, अंडी लवकर पिकतात. वाचायला क्रूर वाटतं, आणि आहेही.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. समुद्रातली खेकडी लाखो अंडी घालते. त्यातून निघालेल्या सूक्ष्म अळ्या प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात ही अळीची अवस्थाच नाही. अंडी मोजकी आणि मोठी असतात, त्यातून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झापडीत राहतो. पावसाळ्यात पकडलेल्या मादीच्या पोटाशी वळवळणारी पिल्लं दिसतात ती हीच.

त्यामुळे हा प्राणी फार लांब जात नाही. एका डोंगरावरचा खेकडा शेजारच्या डोंगरावर पोहोचत नाही, लाखो वर्षांत दोघे वेगळे होतात. पुण्यात प्राणी सर्वेक्षण विभागात काम करणारे समीर कुमार पाती आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात पश्चिम घाटातल्या पाच नव्या प्रजाती एकदम मांडल्या. त्यातली एक ‘थॅकरेयी’, संशोधकांपैकी तेजस ठाकरे यांच्या नावावरून. बातम्या आडनावावरच थांबल्या. एखादी प्रजाती एवढ्याशा जागेत असेल, तर तिथला ओढा बुजवल्यावर ती जगातूनच जाते, हे मागे पडलं.

मग उल्हास नदीचं काय?

शहाडला उल्हास नदीतून पाणी उचललं जातं. ‘स्टेम’ या नावातच शहाड आणि टेमघर आहेत, आणि ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरला तिथून पाणी जातं. याच पट्ट्यात मोहन्याजवळ नदी जलपर्णीने झाकली जाते. जलपर्णी कुजली की पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे मरतात.

खेकडा मात्र टिकतो. कल्ल्यांची पोकळी ओली असेपर्यंत तो हवेतही श्वास घेऊ शकतो. म्हणून ‘खेकडे आहेत म्हणजे पाणी चांगलं’ हा फॉरवर्ड चुकीचा आहे. कात टाकल्यावर मात्र तो मऊ आणि हतबल असतो, पाणी शोषून फुगतो. पाण्यात विरघळलेले धातू त्याच्या शरीरात, विशेषतः पचनग्रंथीत साठतात. टोपलीतला खेकडा कुठल्या ओढ्यातला आहे, हे विकणाऱ्या मावशींना विचारायला म्हणूनच हरकत नाही. उलटा करूनही बघा. झापड रुंद असेल तर मादी, आणि खाली पिल्लं असतील तर त्या ओढ्याचा पुढच्या वर्षीचा साठा तुमच्या हातात आहे.