पेट्रोलचा आकडा आणि वेगाची मोटार

१९४८ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात जॅग्वार कंपनीने 'एक्सके १२०' ही दोन आसनांची मोटार मांडली, तेव्हा पाहणाऱ्यांची दृष्टी तिच्या लांबट, डौलदार बांध्यावरच खिळून राहिली. नावातील १२० हा आकडा ताशी मैलांचा होता. पुढच्याच वर्षी, ३० मे १९४९ रोजी, बेल्जममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर या मोटारीने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग गाठला व नावातील आकडा विनयाचाच ठरविला. परंतु तिचे एक वैशिष्ट्य बाहेरून दिसणारे नव्हते. तिचे इंजिन दोन प्रकारच्या दट्ट्यांसह मिळत असे: एकात आत घेतलेले मिश्रण मूळच्या एक-अष्टमांश जागेत दाबले जाई, दुसऱ्यात एक-सप्तमांश. पहिल्याची शक्ती १६० अश्वशक्ती सांगितली जाई. दुसऱ्याची अर्थातच कमी. आपल्या सर्वांत वेगवान मोटारीचे दुबळे रूपही विकण्याची पाळी निर्मात्यावर का यावी? याचे उत्तर कारखान्यात नव्हते, पेट्रोलच्या टाकीत होते.

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके ते जळताना अधिक काम करते. मात्र या दाबण्याला मर्यादा आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकत जाते. तिच्यापुढे उरलेले मिश्रण आणखी दाबले जाते, तापते आणि पेट्रोल हलके असेल तर ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप एकदम भडकते. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तो दुर्लक्षिला तर दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी या ठोक्याचा पद्धतशीर अभ्यास केला व दोष इंजिनाइतकाच इंधनाचाही असतो हे दाखविले.

दोष मोजायला माप हवे. ते १९२६ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर यांनी दिले. सहज ठोके देणाऱ्या हेप्टेनला शून्य व ठोक्याला चिवटपणे दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर मानावे. परीक्षेचे पेट्रोल या दोहोंच्या ज्या मिश्रणासारखे वागेल, त्यातील आयसो-ऑक्टेनची टक्केवारी हाच त्याचा ऑक्टेन अंक. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा अंक पेट्रोलची ताकद सांगत नाही, सहनशक्ती सांगतो. अधिक आकड्याचे पेट्रोल भरले की मोटार अधिक धावते, हा समज आजही पंपापंपावर आढळतो. जे इंजिन कमी आकड्यावर ठोके देत नाही, त्याला वाढीव आकडा निरुपयोगी असतो. शिवाय आकडा कोणत्या रीतीने मोजला, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील पंपावर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. म्हणून तेथील ९१ हे युरोपातील सुमारे ९५ च्या तोडीचे ठरते.

आकडा वाढविण्याचा स्वस्त मार्ग मात्र महाग पडला. १९२१ च्या डिसेंबरात टॉमस मिजली यांना शिशाचे एक संयुग सापडले. त्याचा अल्प अंश ठोका थांबवी. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते तयार करणारे पाच कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मरण पावले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. वेगाच्या हौसेचे देणे मोटारीत न बसणाऱ्यांनी, विशेषतः रस्त्यालगत वाढणाऱ्या मुलांनी, आपल्या रक्तातून फेडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ मध्ये.

आता पुन्हा जॅग्वारकडे. महायुद्धात ब्रिटनने उत्तम पेट्रोल विमानांसाठी राखले. १९४० च्या हवाई लढाईत स्पिटफायर विमाने शंभर ऑक्टेनवर उडत होती, तर खाली रस्त्यावरील मोटारींना सर्व कंपन्यांचे एकत्र केलेले, 'पूल' नावाचे, सत्तरीच्या आसपासचे पेट्रोल मिळे. युद्ध संपले, पण पूल संपला नाही. रेशनिंग १९५० च्या मे महिन्यात उठले; कंपन्यांच्या नावाचे पेट्रोल परतण्यास १९५३ उजाडले. म्हणजे एक्सके १२० जन्मली ती शंभरच्या आकाशाखाली, सत्तरच्या जमिनीवर. एक-सप्तमांशाचे दट्टे अशा पेट्रोलसाठीच होते.

ज्याने हट्टाने अधिक दाबाचे इंजिन घेऊन त्यात पूल भरले, त्याला एकच उपाय उरे: ठिणगी थोडी उशिरा पाडणे. ठोका थांबे, पण जळणे उशिरा झाल्याने दट्ट्यावरचा जोर ओसरे, उष्णता धुराड्यावाटे निघून जाई आणि दाम मोजून घेतलेली शक्ती हातची जाई. साध्या दट्ट्यांवर समाधान मानणारा गिऱ्हाईक येथे शहाणा ठरे.

१९६७ मध्ये ब्रिटनने पेट्रोलला दोन ते पाच तारे दिले. पाच ताऱ्यांचे ते शंभर ऑक्टेनचे. २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री तेथेही बंद आहे. शिशाचा लेप नसल्याने जुन्या बिडाच्या इंजिनांतील झडपांच्या बैठका झिजतात. एक्सकेचे शिर ॲल्युमिनियमचे, बैठका निराळ्या बसविलेल्या, म्हणून तिची चिंता तुलनेने कमी. साध्या ९५ च्या पेट्रोलवर तिचे आठास-एकचे इंजिनही ठोके न देता चालते. तरीही २०२१ पासून तेथील जुन्या मोटारींचे अनेक मालक ९७ चे महाग पेट्रोल भरताना दिसतात. कारण असे की, त्या वर्षी साध्या पेट्रोलमधील अल्कोहोलचे प्रमाण शेकडा दहापर्यंत वाढविण्यात आले आणि जुन्या रबरी नळ्या व कॉर्कच्या चकत्या त्याने खराब होतात. महाग पेट्रोलमध्ये हे प्रमाण शेकडा पाचांहून अधिक नसते. आकडा ९७ चा मोजतात, पण काळजी असते ती नळ्यांची.