रोध आणि विरोध

पामच्या शेजारी तारापूरला १९६९पासून अणुवीज तयार होते. ती उच्च दाबानेच का पाठवतात? कारण तारेचा रोध. ओहमने १८२७मध्ये दाब, प्रवाह आणि रोधाचं गणित मांडलं. रोधामुळे तार तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४१मध्ये दाखवलं. म्हणून दाब वाढवून प्रवाह कमी ठेवायचा.

घर्षणाचा रोध वेगळा. किनाऱ्यावरच्या होडीला हात लावेपर्यंत तो नसतोच. जितकं ढकलाल तितकाच तो उलट अडवतो, एका मर्यादेपर्यंत. मग होडी सरकते.

आणि पालघर. १४ ऑगस्ट १९४२ला इथे मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. तारेचा रोध ओहममध्ये मोजतात, घर्षण न्यूटनमध्ये. त्या दिवसाच्या विरोधाला एकक नाही. पालघरमध्ये हुतात्मा स्तंभ आहे.