पन्नाशीनंतर तिन्हीसांजेला दुर्बीण: आकडे कसे वाचायचे, पैसे कुठे घालायचे

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला भात पिकायला लागलं की राखण सुरू होते. गवे आणि रानडुकरं शिवारात उतरतात ती बहुतेक दिवेलागणीला, नाहीतर पहाटे उजाडायच्या आधी. नेमक्या याच वेळी पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बांधाच्या कडेला काळं काय हललं ते कळत नाही. सुटलेली म्हैस असेल, गवा असेल, किंवा शेजारचाच कुणीतरी वाकून पाणी वळवत असेल. न ओळखता पुढं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या टोकाला इंदूरचं सिरपूर तळं, बडोद्याजवळचं वढवाणा, हैदराबादचं अमीनपूर, गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं इथं सकाळ-संध्याकाळ पक्षी बघणारी निवृत्त मंडळी आहेत. त्यांचीही तक्रार तीच असते. मुलानं दुर्बीण घेऊन दिली, दुपारी छान दिसतं, पण पक्षी परततात तेव्हा सगळं राखाडी. दोष प्रत्येक वेळी दुर्बिणीचा नसतो, डोळ्याचाही नसतो. बऱ्याचदा दोघांचा मेळच बसलेला नसतो.

आधी डोळ्याचं

अंधार पडला की डोळ्याची बाहुली मोठी होते. विशीतल्या माणसाची ती साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढेल तशी ती कमी उघडते आणि साठीच्या आसपास बऱ्याच जणांची ५ मिलिमीटरवर, काहींची ४ वरच थांबते. माणसामाणसात फरक बराच असतो, म्हणून आपली किती उघडते हे एकदा नेत्रतज्ज्ञाकडून किंवा चष्म्याचा नंबर काढणाऱ्याकडून मंद उजेडात मोजून घ्यावं. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर आहे.

डोळ्यातलं भिंगही वयानं पिवळट होतं आणि निळा प्रकाश जास्त अडवतं. संध्याकाळचा उरलासुरला उजेड तर निळसरच असतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल तर प्रकाश पसरतो आणि समोरून आलेल्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं. अशा डोळ्याला कितीही भारी दुर्बीण लावली तरी पसरलेला प्रकाश परत गोळा होत नाही. त्यामुळे पन्नाशीनंतर संध्याकाळचं अंधुक दिसतंय म्हणून दुकानात जाण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर नक्कीच, कारण त्यात बाहुली आणखी कमी उघडते आणि पडद्यालाही इजा झालेली असू शकते. काचबिंदूसाठी पिलोकार्पिनचे थेंब चालू असतील तर बाहुली आखडलेलीच राहते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर खरेदी पुढं ढकलावी. नवं भिंग बसलं की नंबर बदलतो, उजेड बदलतो, कदाचित चष्माही जातो.

दुर्बिणीवरचे दोन आकडे

८×४२ असं लिहिलं असेल तर पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याच्या बाजूनं बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ चा झोत ४.२, ८×३२ चा ४, खिशात मावणाऱ्या १०×२५ चा फक्त अडीच, आणि जहाजावर वापरतात त्या ७×५० चा ७ च्या थोडा वर.

हा झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र अंधारं दिसतं. जाड असेल तर जादाचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. इथंच लोक पैसे घालवतात. 'रात्रीची दुर्बीण' म्हणून किलोभर वजनाची ७×५० घेतात आणि बाहुली मात्र ५ वर थांबलेली. ५ गुणिले ७ म्हणजे ३५, तेव्हा त्या माणसापुरती ती ७×३५ झाली. उरलेल्या काचेचे पैसे दिले, वजन गळ्यात अडकवलं, उपयोग शून्य. त्याच माणसाला ८×४२ जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि १०×५० तर नेमकी बसते, कारण तिचा झोत बरोबर ५ चा आहे.

जाड झोताचा एक फायदा कबूल करायला हवा. डोळा जरा इकडेतिकडे सरकला तरी चित्र जात नाही. हात थरथरत असतील किंवा ट्रॅक्टरवर बसून बघायचं असेल तर हे सोयीचं पडतं. पण त्यासाठी किलोभर वजन मानेला टांगायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मानेचा त्रास असणाऱ्यांनी गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा घ्यावा.

जाहिरातीत 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचाही आकडा छापतात. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढलं की तो येतो. ८×४२ ला १८.३, ८×५६ ला २१.२. एकाच दर्जाच्या दोन दुर्बिणींची तुलना करायला तो ठीक आहे. पण त्यात काचेचा दर्जा धरलेलाच नसतो. त्या सूत्रानं एखाद्या जत्रेतल्या ३०×२५ ला २७ च्या वर गुण मिळतात, आणि संध्याकाळी तिच्यातून काहीसुद्धा दिसत नाही. जत्रेतल्या मालावर छापलेले आकडे पट्टीनं मोजून बघावेत, पुढचं भिंग ५० म्हणून लिहिलेलं असतं आणि भरतं निम्मं.

आठ पट की दहा पट? अंधुक उजेडात मोठं चित्र दिसलं तर ओळख पटायला मदत होते, हे खरं. पण हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. खांबाला टेकून किंवा मचाणावर बसून बघणाऱ्याला दहा पट चालेल. उभ्यानं बघणाऱ्या साठीच्या माणसासाठी आठ पट बरी. वयानं डोळ्याची जवळ-दूर जुळवून घेण्याची ताकद जाते, त्यामुळे फोकसचं चाक सारखं फिरवावं लागतं. पट कमी असेल तेवढं एकाच वेळी पुढचं-मागचं जास्त स्पष्ट राहतं आणि चाकाचा त्रास वाचतो.

लेप: न दिसणारा खर्च

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगं आणि प्रिझम धरून असे दहापेक्षा जास्त पृष्ठभाग सहज असतात. दहाच धरले तरी शेवटी पोचतो तो जेमतेम ६६ टक्के. परावर्तन रोखणारा लेप जर्मनीत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्मकुला यांनी १९३५ मध्ये काढला. आजच्या बहुपदरी लेपामुळे दर पृष्ठभागाचं नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं, म्हणजे त्याच दहा पृष्ठभागांतून ९५ टक्के पार होतो. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' असं लिहिलेलं बघायचं. नुसतं 'कोटेड' म्हणजे काही भिंगांना एक पदर, एवढंच असू शकतं.

दुकानात पडताळणी सोपी आहे. ट्यूबलाइट भिंगात कशी दिसते ते बघावं. प्रतिबिंबं मंद हिरवी-जांभळी असतील तर लेप आहे, एखादं पांढरं लख्ख असेल तर तिथं लेप नाही. माणकासारखा लालभडक लेप दिसायला रुबाबदार असतो, पण तो लाल प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट-निळं करतो. तसल्या दुर्बिणीपासून लांब राहावं.

सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ प्रिझमची दुर्बीण घेत असाल तर 'फेज' लेप आहे का विचारावं. तो १९८८ मध्ये झाइसनंच पहिल्यांदा आणला, आता मध्यम किमतीतही मिळतो. त्याच्याशिवाय कडा मऊ दिसतात. नागमोडी खांद्यांची जुनी पोरो पद्धतीची दुर्बीण या भानगडीत पडत नाही, त्यामुळे कमी पैशात संध्याकाळचं चांगलं चित्र हवं असेल तर तीच परवडते. जरा जाडजूड दिसते, इतकंच.

पोरो घेताना हात लांब करून दुर्बीण उजेडाकडे धरावी आणि डोळ्याच्या भिंगातला प्रकाशाचा ठिपका बघावा. तो पूर्ण गोल असेल तर बरं. चारी बाजूंनी करडी कापल्यासारखी चौकट दिसत असेल तर प्रिझम हलक्या काचेचं आहे आणि कडांचा प्रकाश जातोय.

चष्मा ठेवायचा की काढायचा

वाचायच्या चष्म्याचा इथं संबंध नाही, कारण दुर्बिणीतून डोळा दूरचंच बघत असतो. लांबचा नुसता नंबर असेल तर चष्मा काढून फोकसनं जुळवता येतं. दोन डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी वेगळी कडी असते. आधी डावा डोळा मधल्या चाकानं जुळवायचा, मग उजवा त्या कडीनं. कित्येकांनी ही कडी वर्षानुवर्षं फिरवलेलीच नसते आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात जाते.

सिलिंडरचा नंबर मात्र फोकसनं जात नाही, आणि बाहुली मोठी झाली की म्हणजे संध्याकाळीच तो जास्त जाणवतो. अशांनी चष्म्यासकट बघावं. त्यासाठी 'आय रिलीफ', म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान १५ मिलिमीटर हवं, १७ असेल तर उत्तम. रबरी वाट्या आत फिरवायच्या. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर काचेच्या वरच्या भागातून बघायचं.

बंदुकीवरची दुर्बीण

हेच गणित बंदुकीवरच्या दुर्बिणीलाही लागू आहे. जर्मनीत रानडुकराच्या शिकारीला रात्री उंच मचाणावर बसणारे लोक ५६ मिलिमीटरचं भिंग घेतात ते याच कारणानं. ३ ते १२ पट फिरणाऱ्या ५६ च्या स्कोपमध्ये ५ मिलिमीटर बाहुलीचा वयस्क माणूस पट अकरापर्यंत वाढवतो आणि प्रकाश न गमावता जास्त बारकावा मिळवतो. बंदुकीच्या साध्या माशीवर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर नजर न्यावी लागते. चाळिशीनंतर ते जमत नाही. स्कोपमध्ये सगळं एकाच अंतरावर येतं. बारीक काळी रेघ संध्याकाळी दिसेनाशी होते म्हणून मध्यभागी मंद लाल ठिपका असलेली घेतात, तो ठिपका मात्र अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर डोळा दिपतो. धक्का बसून भुवई फुटू नये म्हणून डोळा ९-१० सेंटीमीटर मागं ठेवायची सोय असते.

आपल्याकडे याचा उपयोग नाही, हे स्पष्ट असू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि तो कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा सगळीकडे सारखाच आहे. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला तरी त्यानं जनावर मारायची मुभा मिळत नाही. तशी परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी देतो. नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज हाच रस्ता. आणि जिथं शिकार कायदेशीर आहे तिथंही पहिला नियम असा की ओळख हातातल्या दुर्बिणीनं पटवायची. काय आहे ते बघायला स्कोप लावला म्हणजे जे काय आहे त्याच्यावर बंदूक रोखलीच.

पावसाळा आणि वापर

गोवा, खानापूर, चंदगड या पट्ट्यात दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी. एकदा भिंगावर जाळं धरलं की ते लेप खातं, आणि पुसून जात नाही. नायट्रोजन भरलेली पाणबंद दुर्बीण थोडी महाग पडते, पण इथं तिच्यावर कंजुषी करू नये. पावसाळ्यात चामडी पेटीत तर अजिबात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी, पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर सुकवाव्यात. भिंग सदऱ्याच्या टोकानं पुसायची सवय सोडावी. आधी धूळ फुंकणीनं उडवायची, मग मऊ कापड.

दुकानात दुपारच्या उजेडात सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात. शक्य असेल तर दिवे लागायच्या वेळेला जावं आणि रस्त्यापलीकडच्या झाडाच्या सावलीतलं, पायऱ्यांखालचं काही बघावं. दोन चित्रं एकमेकांवर नीट बसत नसतील तर दुर्बीण परत द्यावी, 'डोळ्याला सवय होईल' हे ऐकू नये.

मचाणावर बसल्यावर डोळ्याला अंधार सरावायला अर्धा तास लागतो आणि वय वाढेल तसा आणखी थोडा. त्या वेळात एकदा मोबाईल बघितला की पुन्हा सुरुवात. बॅटरी हवीच असेल तर तिच्या काचेवर लाल कागद बांधावा. अगदी कमी उजेडात काळी आकृती दिसेनाशी झाली तर तिच्याकडे थेट न बघता थोडं बाजूला बघावं. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी पडद्याच्या ऐन मध्यभागी नसतात, त्यामुळे नजरेच्या कडेला ती आकृती परत उमटते, आणि कान हलवला तर तोही दिसतो.