हायमेनडॉर्फ छायाचित्रसंग्रह

हैदराबाद संस्थानातील आदिवासी खेड्यांचे १९४० च्या दशकातील चित्रण. छायाचित्रकार ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ (१९०९–९५). दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे पारपत्र बाळगणारे म्हणून त्यांना संस्थानातच अडकून पडावे लागले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही आपत्ती इष्टच ठरली. पत्नी बेटी यांच्यासह त्यांनी आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई या गोंड गावी मुक्काम केला. किनवट तालुकाही १९५६ पर्यंत त्या जिल्ह्यात होता, नंतर तो नांदेडला जोडला गेला.

शेतीची कामे, देवकार्ये, दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे मुकुट घालून नाचणारे दंडारी पथक हे चित्रणाचे विषय. मात्र नुसती छायाचित्रे पाहिली, तर हे जग सुखी भासते. वनखात्याने जाळलेल्या वस्त्या, सावकारी, हातची गेलेली जमीन हे सारे त्यांच्या ‘ट्रायबल हैदराबाद’ (१९४५) या अहवालसंग्रहात वाचावे लागते. १९४० मध्ये गोंड नेते कुमरम भीम यांचा उठाव याच मुलखात चिरडला गेला होता. संग्रह लंडनच्या ‘सोआस’ या संस्थेत असून त्यातील बराच भाग संगणकावर पाहता येतो.