पेश्टिगोचा वणवा

सन १८७१ च्या ८ ऑक्टोबर रोजीं शिकागो शहरास मोठी आग लागली, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच रात्रीं उत्तरेस विस्कॉन्सिन राज्यांतील पेश्टिगो हें लांकूडतोड्यांचें गांव वणव्यांत भस्मसात् झालें, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. शिकागोंत सुमारें ३०० माणसें दगावलीं. पेश्टिगो व भोंवतालच्या मुलखांत निदान १२००! कित्येकांनीं रात्रभर नदीच्या पाण्यांत उभें राहून जीव वांचविला.

पण वांचलेल्यांनीं अन्नवस्त्र मागावें कोणापाशीं? तारायंत्राच्या तारा जळालेल्या. मॅडिसन या राजधानीस बातमी पोंचली, तोंवर गव्हर्नर फेअरचाइल्ड शिकागोच्या साह्यास निघूनहि गेले होते. मदतीचा ओघ दुःखाच्या मागें न जातां वार्तेच्या मागें जातो, तो असा. अशा वेळीं गव्हर्नरांच्या तरुण पत्नी फ्रान्सिस यांनीं शिकागोकडे जावयाचा सामानाचा आगगाडीचा डबा पेश्टिगोच्या बाजूस वळविला. आंत कांबळीं नाहींत असें दिसतांच गांवांतील स्त्रियांकडून तीं मागविलीं. त्यांस तसा अधिकार होता काय, हा प्रश्न कायदेपंडितांनीं खुशाल चघळीत बसावा. आम्हांस तर त्या दिवशीं राज्यकारभार त्याच बाईंनीं चालविला असें वाटतें.

पुढें ग्रीन बे व मिलवॉकी येथून मदतीची रीतसर व्यवस्था लागली. मात्र पेश्टिगोंत सुमारें ३५० प्रेतें एकाच खड्ड्यांत पुरावीं लागलीं. त्यांस ओळखणारें कोणी उरलेंच नव्हतें.